कार्पेटखालचा गंज

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २७, मूळचा सातारा जिल्ह्यातला, चार वर्षांपासून इंग्लंडच्या मिडलँड्स भागात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याने आयुष्यातली पहिली गाडी घेतली, १९७३ची एमजीबी जीटी, म्हणजे छपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ४,२०० पौंडांना. पावसात ३८ मैल चालवत घरी आणली, भाड्याच्या गॅरेजमध्ये लावली आणि पुढच्याच आठवड्यात खोलायला घेतली. सीट, डॅशबोर्ड, कार्पेट काढल्यावर खाली गंज निघाला. हाताशी ९,००० पौंड आहेत. मनात आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, खाली बसवलेलं सस्पेन्शन आणि रुंद चाकं आहेत. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात भेटलेले काही जण म्हणतात, खुशाल बदल. काही म्हणतात, मूळ गाडीला हात लावणं पाप आहे. वडील जिल्हा परिषदेत ड्रायव्हर होते, उभा जन्म अँबॅसिडर चालवली. ते म्हणतात, "पन्नास वर्षांचं भंगार घेतलंस. वीक आणि मोकळा हो." सहा महिने गाडी उघडीच पडली आहे. त्याचा प्रश्न: मूळ रूपात ठेवू, अपग्रेड करू, की विकून टाकू?

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडखळले. तू लिहितोस, "गाडी एकदा पूर्ण झाली की मगच रस्त्यावर काढणार आहे." हे वाचून मला काळजी वाटली, कारण अशा कितीतरी गाड्या मी गॅरेजांत ताडपत्रीखाली पाहिल्या आहेत. वर्षानुवर्षं त्या 'पूर्ण' होत असतात. मालकाचं लग्न होतं, मुलं होतात, घर बदलतं, आणि गाडी एक दिवस चार खोक्यांसकट कुणीतरी उचलून नेतं.

तुझा अख्खा बेत ३८ मैलांवर उभा आहे. दोन वर्षं बंद असलेली गाडी, जुने टायर, पाऊस, काळोख, आणि तू पहिल्यांदाच असल्या गाडीत बसलेला. तेवढ्यात तू ठरवलंस की इंजिनात दम नाही, गिअर कमी पडतात, गाडी वळणावर झुकते. यातलं गाडीचं किती आणि तिच्या दुखण्यांचं किती, हे तुला अजून कळलेलंच नाही. इंजिन दमदार वाटलं नाही याचं कारण एखादा अडकलेला कार्ब्युरेटर असू शकतो, भलत्या वेळी ठिणगी टाकणारं इग्निशन असू शकतं, घासणारा ब्रेकही असू शकतो.

माझं सांगते, म्हणजे मी हे इतक्या ठामपणे का म्हणते ते कळेल. १९९७ साली कॉव्हेंट्रीत नोकरीला असताना मीही एमजीबी घेतली, उघड्या टपाची. पगारवाढीचे सगळे पैसे मोठ्या कार्ब्युरेटरवर आणि वेगळ्या कॅमशाफ्टवर घातले. गाडी सुसाट पळायला लागली. एका रविवारी चाक पंक्चर झालं म्हणून जॅक लावला. दांडा फिरवतेय, फिरवतेय, गाडी काही उचलली जाईना. कुरकुर असा ओल्या बिस्किटासारखा आवाज यायला लागला. वाकून पाहिलं तर जॅकचं डोकं दाराखालच्या पेटीत घुसलेलं. आतून तांबडी भुकटी सांडत होती, तिच्यात लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, ढलपे होते आणि त्यांच्यामागे वर्तमानपत्राचा बोळा. कुणीतरी भोकात कागद कोंबून, वर लांबी भरून, रंग मारून मला ती गाडी विकली होती. दार उघडलं ते परत बसेना, कारण गाडी मधून वाकली होती. आदल्याच आठवड्यात मी त्या गाडीखाली पाठीवर झोपून सायलेन्सर बदलला होता. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

म्हणून तुझा 'मूळ की अपग्रेड' हा प्रश्न मी थोडा वेळ बाजूला ठेवते. आत्ता प्रश्न सिलचा आहे.

एमजीबीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो, आणि त्या सांगाड्याचा कणा म्हणजे दाराखालून जाणाऱ्या दोन लांब पेट्या, म्हणजे सिल. एकेक सिल तीन पत्र्यांचा: बाहेरचा दिसणारा पत्रा, मध्ये उभा पडदा, आणि आतल्या बाजूने फ्लोअरखाली जाणारी पट्टी, जिला इथले वेल्डर कॅसल रेल म्हणतात. बाहेरचा पत्रा चकचकीत आणि मधला पडदा कुजून गेलेला, असं सर्रास असतं. तुझी जीटी आहे, छप्पर आहे, त्यामुळे ती माझ्या गाडीइतकी वाकणार नाही. पण त्याच छपरामुळे कुजका सिल जास्त दिवस लपूनही राहतो.

येत्या शनिवारी एवढंच कर. फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळ आणि सिलवरून सावकाश फिरव. जिथे ते सुटतं तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. धड पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. दहा मिनिटांत कान तयार होतो. पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा, मागच्या चाकाच्या अगदी पुढचा भाग, मागच्या कमानपाट्यांच्या टांगण्या आणि सीटमागे कार्पेटखाली असलेल्या बॅटरीच्या पेट्या, या जागा सोडू नकोस. तुझ्या वर्षीच्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या यायच्या, म्हणून पेट्याही दोन. अ‍ॅसिड आणि चाकांवरून उडणारं पाणी असा दुहेरी मार त्यांना बसतो.

आणखी एक खूण लक्षात ठेव. खरा सिल पुढच्या मडगार्डच्या आत शिरतो. तो नीट बदलायचा तर मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो आणि नंतर परत जोडावा लागतो. हे कष्ट टाळायला बरेच जण कुजक्या सिलवर नवा पत्रा चढवून कडेने टाके मारतात. वरून झकास दिसतं, आत गंज चालूच राहतो. विकणाऱ्याने तुला "सिल नवीन आहेत" असं सांगितलं होतं, असं तू लिहिलंस. मडगार्डच्या खालच्या भागात जोड दिसत नसेल आणि मडगार्डही जुनंच असेल, तर ते 'नवीन' कसले आहेत याचा अंदाज तुला येईल.

वेल्डिंग स्वतः शिकावं का? शिक, जरूर शिक. कॉलेजांतून संध्याकाळचे वर्ग असतात. पण पहिला सिल तुझ्या हातचा नको. बॅटरीचं झाकण, फ्लोअरचा एखादा तुकडा, तिथे हात बसव. सिल जाणत्याकडे दे, आणि काम देण्याआधी त्याला एकच प्रश्न विचार: "दारं लावून वेल्डिंग करणार की काढून?" चांगला वेल्डर दारं जागेवर ठेवतो, फटी मोजून घेतो, एका वेळी एकच बाजू उघडतो आणि मधेमधे दार लावून बघतो. दारं काढून, गाडी कशीबशी टेकवून काम उरकणाऱ्याने एकदा सांगाडा वाकडा जोडला की पुढे व्ही-८ घाल नाहीतर सोन्याची चाकं घाल, ती गाडी सरळ होणार नाही. या गाडीचा नवा कोरा सांगाडासुद्धा मूळ साच्यांवरून अजून बनवला जातो, पण त्याला तुझे ९,००० पुरणार नाहीत, म्हणून आहे तोच सांभाळायचा आहे.

तुझ्या ९,०००पैकी निम्मे पैसे पत्र्याच्या नावाने वेगळे काढ. कमी लागले तर आनंदच आहे. स्वतः गाडीखाली जाशील तेव्हा जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नकोस, दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे ॲक्सल स्टँड, लाव. वेल्डिंग चालू असताना पेट्रोलची टाकी उतरवलेली, बॅटरीच्या तारा सोडलेल्या, शेजारी आग विझवायचा सिलिंडर आणि घरात दुसरं माणूस हवं. याच्यात कुचराई नको.

पत्रा धड झाला की ब्रेक. पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम. जुने रबरी होज, मागचे व्हील सिलिंडर आणि ब्रेक ऑइल सरळ नवं घाल, तपासत बसू नकोस. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला, म्हणजे किंगपिनला, ग्रीस भरायचे निपल आहेत. मागच्या मालकांना ते ठाऊक होते की नाही ते चाक हलवून पाहिल्यावर कळेल. टायरची नक्षी बघू नकोस, वय बघ. पेट्रोलचे होजही बदल, कारण २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं. पंपावर महागडं सुपर पेट्रोल भर, त्यात इथेनॉलचं प्रमाण कमी असतं.

मग डॅशबोर्ड, सीट बसव आणि एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची इथली वार्षिक तपासणी, करून घे. चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न झालेल्या गाड्यांना २०१८पासून ती सक्तीची नाही, हे मला माहीत आहे. तरी कर. ५५ पौंडांच्या आत एक तिऱ्हाईत माणूस तुझी गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघतो, यापेक्षा स्वस्त सल्ला या देशात मिळत नाही. आज रात्रीच आणखी एक गोष्ट करता येईल. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकलास तर २०१८पूर्वीच्या तपासण्यांच्या नोंदी फुकट दिसतील. गंजाबद्दल कुणी काय शेरा मारला होता ते वाच. खरं तर हे गाडी घेण्याआधी करायचं असतं, आणि तुझ्यासारखी गाडी शोधणाऱ्या बाकीच्या वाचकांनी ते आधीच करावं.

यानंतर मी तुला सांगेन, एक अख्खा उन्हाळा ती गाडी आहे तशी चालव. हजार-दोन हजार मैल. पाना-पेटी डिकीत ठेवून.

याच काळात कार्ब्युरेटर शिकून घे. एसयू बनावटीचे दोन आहेत. वरचं टोपण काढून पातळ तेलाचे थेंब टाकायचे असतात, दोघांचा श्वास सारखा करायचा असतो. मी अजूनही रबराची नळी कानाला लावून करते. एक टोक पहिल्याच्या तोंडाशी धरायचं, हवेची सूं ऐकायची, मग दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही सूं एका सुरात आले की इंजिनाची थरथर कमी होते, ती स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांना कळते. हा अनुभव घेतल्याशिवाय हे इंजिन काढून टाकायचा निर्णय घेऊ नकोस.

आणि ती दांडी. तू जाता जाता लिहिलंस की स्टिअरिंगजवळची एक दांडी ओढली की काहीच होत नाही. अरे, ती बहुतेक ओव्हरड्राइव्हची आहे! ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेला जादा वरचा गिअर. तो तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये लागतो, म्हणजे मोटरवेवर इंजिन शांतपणे पळतं, ज्यासाठी तू पाच गिअरचा बॉक्स घ्यायला निघालास. बरेचदा दोष एखाद्या तारेत, गिअरबॉक्सवरच्या छोट्या स्विचमध्ये नाहीतर गिअरबॉक्सच्या कमी झालेल्या तेलात असतो. खाली वाकून खात्री कर. कदाचित मोठ्या खर्चाचं काम एका तारेवर भागेल.

आता अपग्रेडचं बोलू. मूळ गाडीला हात लावणं पाप, हे मला मान्य नाही. ज्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० ही गाडी बनली, तिथेच ती सतत बदलत होती. इंजिनाच्या क्रँकला आधी तीन बेअरिंग होते, मग पाच झाले. डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला. केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ या गाडीत बसवून दाखवलं, आणि नंतर कारखान्याने स्वतःच १९७३ ते १९७६ या काळात २,५९१ जीटी व्ही-८ बनवल्या. तेव्हा तुझं स्वप्न काही उपटसुंभ नाही, त्याला घराण्याचा आधार आहे.

पण कारखान्याने काय काय केलं तेही बघ. ते व्ही-८ ॲल्युमिनियमचं, वजनाने जवळपास जुन्या लोखंडी इंजिनाइतकंच, म्हणून ते शक्य झालं. तरीही त्यांनी इंजिनाच्या जागेचा पत्रा बदलला, ब्रेक दणकट केले, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर बदललं. इंजिन बदलणं म्हणजे गाडी बदलणं असतं. तुझ्याकडे सिलनंतर उरणाऱ्या पैशांत यातलं अर्धंच होईल, आणि अर्धवट व्ही-८ ही जीवघेणी वस्तू आहे. शिवाय सिलिंडरांची संख्या बदलली की तो मोठा बदल धरला जाण्याची शक्यता वाढते, आणि मग एमओटीची सवलत जाऊ शकते. याच मॉडेलला कारखान्यातून व्ही-८ मिळत होतं हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे, पण खर्च करण्याआधी खात्री करून घे. लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रात, इंजिन नंबर बदलावा लागेल. विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागेल, चाकंसुद्धा. विमा घेताना ठरलेल्या किमतीचा घे, नाहीतर अपघातानंतर पन्नास वर्षांच्या गाडीचं मोल कुणीतरी भंगाराच्या भावात करेल.

मी स्वतः बदल करताना एक कसोटी लावते: पुढच्या माणसाला हे परत मूळ करता येईल का? इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाल, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात मावतं आणि पाऊसपाण्यात गाडी दगा देत नाही. हेडलाइटला रिले आणि हॅलोजन दिवे घाल, कारण जुन्या स्विचमधून जाऊन मिणमिणणारे दिवे इथल्या नोव्हेंबरात कामाचे नाहीत. चांगले सीटबेल्ट घाल. जे काढशील ते चिठ्ठी लावून खोक्यात ठेव. पत्रा कापायला लागणारा कुठलाही बदल मात्र उन्हाळा संपेपर्यंत नको. गाडी खाली बसवण्याआधी इथल्या खड्ड्यांतून एकदा चालवून बघ. रुंद चाकं मला स्वतःला आवडत नाहीत, स्टिअरिंग जड होतं. पण हा आवडीचा भाग झाला, तू तुझं ठरव.

विकायचं म्हणशील तर तोही पराभव नाही. पण आत्ता विकू नकोस. खोललेली गाडी सगळ्यात कमी पैशांत जाते, कारण घेणारा न दिसणाऱ्या प्रत्येक बोल्टचे पैसे वजा करतो. विकायची तरी आधी जोड. आणि घातलेले पैसे परत येतील या आशेवर एक पौंडही घालू नकोस. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते या बाबतीत शब्दशः खरं आहे. परदेशात भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाने सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून उरेल तेवढ्यातच ही हौस करावी. ९,०००मध्ये ती रक्कम धरलेली आहे का, ते तू लिहिलेलं नाहीस. धरलेली नसेल तर आधी ती बाजूला काढ, आणि मी वर सांगितलेले निम्मे पैसे राहिलेल्या रकमेतले समज.

राहता राहिले तुझे बाबा. तू लिहितोस, "त्यांना यातलं काय कळणार?" आणि दोन ओळींनंतर लिहितोस की त्यांनी उभा जन्म अँबॅसिडर चालवली. मित्रा, तुझ्या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीज घराण्यातलं आहे. अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते त्याच घराण्यातलं. एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५ साली आली तीसुद्धा १४८९ सीसीचंच इंजिन घेऊन. तू ज्याला ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन म्हणतोस, त्याच्या सख्ख्या भावंडाचे टॅपेट, म्हणजे झडपांच्या फटी, तुझ्या बाबांनी सर्किट हाउसच्या अंगणात, साहेबांची मीटिंग संपायची वाट बघत, कितीदा सेट केले असतील. त्यांना भंगार शब्द सुचला तो कदाचित तुझ्यापेक्षा जास्त माहिती असल्यामुळे. कुजलेल्या पत्र्याचं काय होतं ते त्यांनी पाहिलं असेल. गाडी वीक म्हणताना त्यांना पैशांची काळजी आहे की तू रात्रीबेरात्री एकटा त्या गाडीखाली झोपशील याची, हे तू विचारलं आहेस का?

गाडीचे फोटो तू त्यांना बाहेरून पाठवलेस, हिरवा रंग आणि तारांची चाकं. त्यातून त्यांना ओळख पटणार नाही. रविवारी, तिकडची दुपारची झोप झाल्यावर व्हिडिओ कॉल लाव. त्याआधी इंजिनावरचं झाकण, म्हणजे रॉकर कव्हर, काढून ठेव, दोनच नट असतात. फोन बोनेटखाली धर आणि टॅपेट किती ठेवायचे ते त्यांना विचार.